जाते म्हणायचं नाही

आक्का,

तुझी बातमी मीच लिहिली. कागदाची टंचाई आहे, त्यामुळे चार ओळी मिळाल्या. पहिल्या ओळीच्या क्रियापदावर कचेरीत दहा मिनिटं गेली. संपादकांना ‘निवर्तल्या’ हवं होतं. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणारा आमचा जुळारी म्हणाला, तेवढे खिळे कशाला घालवता, ‘गेल्या’ लिहा. मी ‘गेल्या’ लिहू दिलं नाही. ते क्रियापद तुला चालत नसे, एवढंच सांगितलं. सख्ख्या भावाचं दुःख म्हणून दोघांनीही ते सोडून दिलं. कारण दुःखाचं नव्हतं, धंद्याचं होतं. तुझ्याही आणि माझ्याही. चार ओळींत ते बसलं नसतं, म्हणून इथे लिहितो.

तू निपाणीच्या बाळंतपणाच्या दवाखान्यात नर्स होतीस, पण दवाखान्यात फारशी सापडत नसायचीस. तुझं काम घरोघर. बाळंत होणाऱ्या बायका दवाखान्यात यायला तयार नसत, म्हणून दवाखाना टांग्यात बसून त्यांच्याकडे जाई. टांगा कल्लाप्पाचा. मी बेळगावहून महिन्यातून एकदा मोटारीने यायचो. बातमी मिळेल या आशेने यायचो, असं तू सगळ्यांना सांगायचीस. खोटं नव्हतं. पण वाटेवरचं काकती गाव मागे पडलं की मला तुझ्या हातच्या झुणक्याचा वास यायला लागायचा, हेही तितकंच खरं होतं. ते मी कधी बोललो नाही. बातमीदाराने पुराव्याशिवाय बोलू नये.

परक्या घरात एकट्या बाईने शिरायचं, आणि ते घर ऐन काळजीत असताना शिरायचं. त्या कामाची तुझी एक शिस्त होती. टांगा हाकेच्या अंतरावर उभा राहायचा, घोड्याचं तोंड रस्त्याकडे. तुझ्या चपला उंबऱ्यापाशी, अंगठे बाहेरच्या बाजूला. आत खाटेवर बसायचं नाही, दार दिसेल अशा भिंतीला पाठ लावून पाटावर बसायचं. आणि कुत्रं. हाताखालच्या नर्सांना तू शिकवायचीस ते मी एकदा ओसरीवर बसून शब्दशः टिपून घेतलं होतं :

“घरात शिरताना आधी कुत्र्याचं नाव विचारायचं. यजमानाचं मागनं. यजमान नाव चुकलं म्हणून चावत न्हाय.”

“आणि बांधलंय म्हणाले तर?” एका नवीन मुलीने विचारलं.

“कशाला बांधलंय ते बघायचं. सुताला बांधलेलं कुत्रं बांधलेलं न्हवं.”

या शिस्तीचा कळस म्हणजे तो शब्द. आपल्याकडे निरोप घेताना कुणी ‘जाते’ म्हणत नाही. पाच मिनिटांसाठी शेजारी गेलेली बाईसुद्धा उठताना ‘येते’ म्हणते. ‘जाते’ म्हणणं अशुभ. ते शेवटचं जाणं. कुणाच्याही तोंडून चुकून निघणार नाही असा शब्द तुला हवा होता, आणि तो तू बरोबर शोधलास. आत सगळं ठीक असेल तर ‘येते’. काही बिघडलं, माणूस अंगावर आला, दार अडवलं, तर मोठ्याने ‘जाते’. बाहेर कल्लाप्पाने ते ऐकलं की आत यायचं. गाव ऐकेल, पण गावाला वाटेल, बाई चुकली.

शब्दाची पहिली परीक्षा मात्र फसली, आणि ती हकीकत तू इतक्या वेळा सांगितलीस की तिच्या तीन आवृत्त्या माझ्याकडे आहेत. तिन्हींत जुळतं तेवढंच लिहितो.

तुझ्या हाताखालची नर्स गंगव्वा तेव्हा नुकतीच धारवाडकडून आली होती. मराठी ती कानडीतून एकेक शब्द उचलून बोलायची. निपाणीतल्या एका जैन व्यापाऱ्याच्या घरी ती बाळाला न्हाऊ घालायला गेली. काम झालं, बाळंतिणीचा निरोप घ्यायची वेळ आली. कानडीत म्हणतात ‘होगि बर्तीनि’, म्हणजे जाऊन येते. गंगव्वाने ते जसंच्या तसं मराठीत उतरवलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली, “जाते, मग येते!”

कल्लाप्पाने पहिला शब्द ऐकला. दुसऱ्याची वाट बघितली नाही.

दिवस मावळायच्या आत जेवायचं म्हणून घरचे आप्पा नुकतेच पानावर बसले होते. चामड्याच्या वहाणा घालून, चाबूक उगारून कल्लाप्पा माजघरातून थेट स्वयंपाकघरात. आप्पांचा घास हातात राहिला.

“यारपा नी?” आप्पांनी विचारलं. कोण रं तू?

“बाईला कोण धरलंय?” कल्लाप्पा ओरडला.

“बाईला? कुठल्या बाईला?”

तेवढ्यात आतून गंगव्वा बाळाचा टॉवेल झटकत बाहेर आली आणि त्याला म्हणाली, “आलास व्हय? मी येतच होते की.”

आप्पांचं जेवण त्या दिवशी तिथेच राहिलं. दुसऱ्या दिवशी तू जाऊन माफी मागितलीस. आप्पा भले माणूस. ते म्हणाले, “तुमचा माणूस लई इमानी हाय. फक्त त्याला वहाणा काढायला शिकवा.” तू कल्लाप्पाला अर्धा तास बोललीस. कुणाच्याही घरात जाताना वहाणा बाहेर, पाय धुऊन आत. आग लागली तरी. ‘आग लागली तरी’ हे तुझेच शब्द. त्यांचा हिशेब पुढे चुकता झाला.

तो चिकोडीच्या वाटेवरच्या एका गावात झाला. गावाचं नाव मला माहीत आहे. आजही लिहीत नाही.

सून बाळंत होऊन पाच दिवस झाले होते आणि अंग भाजत होतं. तू बघितलंस आणि दवाखान्यात न्यायला हवं म्हणालीस, आत्ता, या टांग्यातून. मोठा दीर दारात आडवा झाला. हातात काठी होती.

“तिला कुठं न्यायचं न्हाय. आनी न्या म्हणून सांगणारीबी आता बाहेर पडायची न्हाय.”

तू भिंतीला पाठ लावून पाटावर होतीस. उठलीस, पदर खोचलास आणि रस्त्याच्या बाजूच्या खिडकीकडे तोंड करून म्हणालीस, “बरं तर. जाते मी.”

यानंतर जे झालं ते मला कुठल्याही नाटकात सुचलं नसतं. दाराशी काठी घेऊन मुलगा उभा आहे, खाटेवर सून तापाने फणफणते आहे, आणि सासू चुलीजवळून कळवळून म्हणाली, “अगं बाई, जाते म्हणू नये! येते म्हणावं!”

“न्हाय,” तू आणखी मोठ्याने म्हणालीस, “जातेच!”

बाहेर कल्लाप्पाने ऐकलं. समोरच आड होता, तिथे बायका पाणी शेंदत होत्या. त्यांनीही ऐकलं. शब्दाची खूण त्यांना माहीत नव्हती, पण त्या घराची सून तापाने पडली आहे हे माहीत होतं, आणि त्याच घरातून दिवसाउजेडी कुणी बाई दोनदा ‘जाते’ म्हणाली. कुणाचं काय झालं म्हणून भरल्या घागरी घेऊन त्या तशाच घरात शिरल्या. अकरा बायका. आकडा तुझा आहे, आणि मोजदाद तू तेव्हाच केली होतीस; भीती वाटली की मी मोजते, असं तू म्हणायचीस. आपल्या गल्लीतल्या अकरा बायका बघून दिराने काठी मागे घेतली, मग कोपऱ्यात ठेवली, मग ती कुणाची आहे हेच त्याला आठवेना.

आणि कल्लाप्पा? कल्लाप्पा उंबऱ्याबाहेर पाय धूत होता.

“आत माझा जीव टांगणीला लागलाय,” तू मला सांगताना हसून डोळे पुसत होतीस, “आनी ह्यो गडी टाचा घासतोय! वर मलाच म्हणतोय, तुमीच म्हणालता की आक्का, आग लागली तरी.”

सुनेला आणि बाळाला त्याच टांग्यातून तू निपाणीला आणलंस. तीन आठवड्यांनी ती आपल्या पायांनी घरी गेली. जाताना तुला ‘येते’ म्हणाली.

आता आपला वाद. तो मिटलेला नाही, तेव्हा दोन्ही बाजू देतो.

मी म्हणालो, हे छापलं पाहिजे. गाव, घर, माणूस, नावासकट. तू म्हणालीस, “त्या घरात आनी दोन सुना हाईत. नाव छापलंस की त्यांच्या बाळंतपणाला ते दार आमास्नी बंद.”

“आणि नाही छापलं तर? पुढची नर्स त्या दारात आंधळी जाणार.”

“आंधळी कशाला जाईल? मी सांगेन की तिला.”

“तू नसलीस तर?”

“गंगव्वा सांगेल.”

“तोंडी सांगितलेलं टिकत नाही, आक्का.”

“आनी छापलेलं टिकतंय? तुझ्या पेपरात मी काल भाकरी बांधून दिलती.”

नावं छापणार नाही, असा शब्द मी दिला आणि तो पाळला. गाव नाही, घर नाही, तू नाहीस. पण हकीकत इतकी नामी होती की ती मला सोडवेना. दुसऱ्या पानावर, चौकटीत, ‘एका शब्दाचा प्रताप’ या मथळ्याखाली मी ‘जाते’ची खूण सविस्तर छापली. मथळा चांगला होता. तो अंक पुरला नाही.

महिनाभरात बेळगाव-निपाणी रस्त्यावर ती खूण माहीत नाही असं माणूस उरलं नाही. तू कुठल्याही घरात पाऊल टाकलंस की बायका हसून म्हणायच्या, “बाई, आज येते म्हणून जावा बरं का!” तिथवर गंमत होती. मग एका ओसरीवरचा माणूस दार लोटून घेऊन तुला म्हणाला, “जाते म्हणून बघा की. टांगेवाला येतोय का बघू.” त्याने थट्टा केली आणि दार उघडलं. पण दार त्याने लोटलं होतं, आणि शब्द त्याच्याही खिशात होता.

तू मोटारीने बेळगावला आलीस. कचेरीत, सगळ्यांसमोर, अंक माझ्या टेबलावर ठेवलास. आवाज चढवला नाहीस.

“नावं झाकलीस आनी शब्द उघडा केलास,” म्हणालीस. “उलटं केलं असतंस तर एक घर गेलं असतं. आता सगळी घरं गेली.”

मी सांगायला हवं होतं की चुकलो. मी सांगितलं की या लेखामुळे चार गावच्या लोकांनी नर्सेसच्या सोबतीला घरची माणसं पाठवायला सुरुवात केली आहे. तेही खरं होतं. निदान दोन गावांचं मला माहीत होतं. तू अंकाची घडी घातलीस.

“बरं, संपादक. येते.”

मी संपादक नव्हतो, आजही नाही. पण त्या दिवसापासून तू मला संपादकच म्हणालीस. आईने ठेवलेलं माझं एक घरगुती नाव होतं. आई वारल्यावर ते फक्त तुझ्या तोंडी उरलं होतं. लहानपणी गल्लीच्या टोकावरून तू त्या नावाने हाक मारलीस की मी हातातल्या गोट्या टाकून ‘ओ’ देत पळत यायचो. ते नाव तू टाकून दिलंस. मला शिक्षा म्हणून, असं मी धरून चाललो. शिक्षा रास्त होती, म्हणून अपील केलं नाही.

जुना शब्द मेला होता, तेव्हा नवा आला असणार हे उघड होतं. तो कोणता, हे तू मला सांगितलं नाहीस. मी कितीदा विचारलं! तुझ्या ओसरीवर बसून एकेक शब्द टाकायचो.

“खोबरं?”

“न्हाय.”

“चिकोडी?”

“चिकोडीला खरंच जायचं असलं म्हंजे?”

“खानापूरचा तांदूळ?”

“संपादक, भूक लागली असली तर तसं सांगा.”

कल्लाप्पाला फितवायचा प्रयत्न केला. तो म्हणाला, “आक्कांनी घोड्याची शपथ घातलीया. तुमच्यापायी घोडं मारू व्हय?” गंगव्वा तर मी दिसलो की हातांनी तोंड झाकायची. ती आता इतकं चांगलं मराठी बोलत होती की तिच्याकडून चुकून काही निघेल ही आशाही उरली नव्हती.

तुझ्या शेवटच्या आठवड्यात मी तुझ्याजवळ होतो. ताप उतरला की तू चेष्टा करायचीस, चढला की भलतीकडे बघायचीस. एकदा शुद्धीत होतीस तेव्हा मी पुन्हा विचारलं, “आता तरी सांग, आक्का.” तू म्हणालीस, “छापशील.” मी न छापण्याचं वचन द्यायला तोंड उघडलं, तर तू डोळे मिटून घेतलेस. आधीच्या वचनाचा अनुभव तुझ्यापाशी होता.

ताप चढला की मात्र तू मला माझ्या जुन्या नावाने हाक मारायचीस. चार वेळा मारलीस, शेवटच्या दोन दिवसांत. मी प्रत्येक वेळी ‘ओ’ म्हणून उठलो, खाटेजवळ आलो, आणि मी आलेला दिसलो की तू झोपायचीस. शिक्षा माफ झाली असं मला वाटलं. त्या समाधानात मी पुढचा प्रश्न विचारला नाही. बातमीदाराकडून अशी चूक होऊ नये.

सगळं संपल्यावर मी बाहेर आलो, तेव्हा कल्लाप्पाने विचारलं, “आण्णा, काय म्हणाली ओ शेवटी? येते का जाते?”

“काहीच नाही. झोपेतच.”

त्याने विचार केला. “मग येते म्हणूनच धरायचं,” तो म्हणाला. “भ्या वाटलं असतं तर सांगितलं असतं तिनं.”

तुझं दिवसकार्य आटोपल्यावर तुझी बॅग दवाखान्यात परत करायची होती. कल्लाप्पा म्हणाला, बसा, वाटेत गंगव्वाबाईंची एक भेट हाय, ती उरकून जाऊ. सकाळचे साडेदहा झाले होते. तंबाखूच्या वखारीमागचं एक घर. गंगव्वाने चपला अंगठे बाहेर करून ठेवल्या, कुत्र्याचं नाव विचारलं. बांधलंय, असं आतून उत्तर आलं. ती आत गेली. कल्लाप्पा घोड्याच्या मानेवर हात ठेवून उभा. मी मागे बसून तुझी बॅग मांडीवर धरली होती आणि आत काय काय आहे त्याची यादी करत होतो, कारण दुसरं काही सुचत नव्हतं.

आणि आतून, कानडी हेल काढून, खणखणीत आवाजात, माझं नाव आलं.

पेपरातलं नव्हे. आईने ठेवलेलं.

मी “ओ!” म्हणालो. बॅग टाकली आणि पळालो. कल्लाप्पाच्या आधी पळालो, आक्का. तो अजून वहाणा काढत होता. मी वहाणांसकट आत. परसदारी एक तांबडं, वासराएवढं कुत्रं गंगव्वाच्या पदराला धरून ओढत होतं आणि त्याच्या गळ्यात सुतळीचा तुटका तुकडा लोंबत होता. गंगव्वाने एका हाताने बाळ उंच धरलं होतं. घरची म्हातारी कुत्र्याला केरसुणीने मारत होती आणि गंगव्वाला सांगत होती की ते काही करत नाही. मी घंगाळातलं पाणी कुत्र्यावर ओतलं. पदर सुटला. बाळ रडलंसुद्धा नाही.

मग कल्लाप्पा ओल्या पायांनी आला आणि माझ्याकडे बघत राहिला.

“तुमास्नी कसं कळलं?” त्याने विचारलं. “शब्द तुमास्नी कुणी सांगितला?”

म्हणजे त्याला माहीत नव्हतं. शब्द माहीत होता, तो कुणाचा आहे हे माहीत नव्हतं. मी गंगव्वाला विचारलं, हाच शब्द का? ती पदराला पडलेली भोकं मोजत होती.

“ठाऊक न्हाय,” ती म्हणाली. “आक्का म्हणायच्या, ह्या नावानं हाक मारली की कुणीतरी येतंच. इतकी वर्सं कधी चुकलं न्हाय.”

हा शब्द तिने नव्या कुणाला शिकवलाय का, हेही मी विचारलं. दोघींना, म्हणाली. तोंडीच. वादात हा एक मुद्दा तुझा, मी मान्य करतो. बाकीचे मुद्दे मी अजून सोडलेले नाहीत.

त्या चार हाका मी आता पुन्हा मोजतो. तुला भीती वाटत होती आणि तू रीतसर शब्द वापरलास. कल्लाप्पाचं अनुमान चुकलं. सांगितलं होतंस तू. आणि शब्द माहीत नसताना, केवळ जुन्या सवयीने, चारही वेळा मी आलो होतो. माझ्या सगळ्या बातमीदारीत इतकी अचूक हजेरी दुसरी नाही. हे लिहिताना मी हसतो आहे, आणि जुळारी काचेतून बघतो आहे.

संपादकांनी या लेखाखाली माझं नाव घालायचं ठरवलं होतं. मी नको म्हणालो. नावावरून माणूस सापडतो, माणसावरून घर सापडतं, आणि घरी कुणीतरी म्हातारं असं असतं की ज्याला सगळ्यांची लहानपणची नावं आठवतात. गंगव्वा उद्या चिकोडीच्या वाटेवर जाणार आहे. शब्द मला कळला, आक्का, आणि तो इथे छापलेला नाही.

येतो.